ज्या घरात रडायला मनाई होती

नाताळ अंकात लिहिणारी आमची माणसं पहिल्या ओळीत देवाचे आभार मानतात. ते मी मनात मानलेत, रोज मानते. कागदावर मात्र पहिलं नाव सुभद्राकाकीचं लिहिते. सुभद्राकाकी तोंडवलीची, मासे विकते. ती आमच्या मंडळीतली नाही, आमच्या धर्मातली नाही. हा अंक तिच्या हाती पडेल असंही वाटत नाही, आणि पडलाच तर ती त्यात कुणाला तरी सुंगटं, म्हणजे कोळंबी, बांधून देईल. तिने मदत केली म्हणून आमच्यातल्या एका आईला आपल्या मेलेल्या मुलासाठी रडता आलं. आणि त्या आईला रडण्यापासून अडवणाऱ्यांत मी होते. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला उगाच चांगलं समजायला नको.

मी बायबल-बाई. हा शब्द आता शहरातल्या मंडळ्यांत फारसा ऐकू येत नाही. तरुण मुली हसतात, म्हणतात, हे काय नाव झालं. पण काम जुनंच आहे. आमचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा घाट उतरून उपासना घ्यायला येतात. मंडळी लहान. चिऱ्याच्या खाणीवर सोलापूरकडून आलेली काही घरं, दोन-तीन नर्सबाई, एक निवृत्त कंपाउंडर, एक शिक्षक जोडपं. मधल्या दिवसांत घरोघर जायचं ते मी. बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, गीतं शिकवायची, आजाऱ्यापाशी बसायचं, बाई गेली तर तिला अंघोळ घालून पांढरी साडी नेसवायची.

माझं गाव जालन्याकडचं. सहावीतून शाळा सुटली. लग्न झालं, आणि नवऱ्याला एका दवाखान्याची जीप चालवायचं काम मिळालं म्हणून मालवणला आले. दवाखाना पुढे बंद पडला, आम्ही राहिलो. इतक्या वर्षांनी इथली बोली मला सगळी कळते, पण माझ्या तोंडून अजून जालनाच निघतं. शिकलेल्या माणसापुढे उभं राहिलं की आजही माझ्या हातांना घाम येतो. पाळकसाहेबांनी मला हे काम दिलं तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "साहेब, माझं शिक्षण?" ते म्हणाले, "वाचता येतं ना? मग पुरे." त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बायबल-बाई म्हणजे सारखी बोलणारी बाई. मयताच्या घरी आमची कामं वेगळीच असतात. चहाचं पातेलं रिकामं होऊ द्यायचं नाही. "देवाची इच्छा" असं म्हणत येणाऱ्या पाहुण्यांना पहिल्या दिवशी आईपासून लांब बसवायचं. कुणी रडत असेल तर पाणी पुढे करायचं नाही, कारण पाणी दिलं की माणसाला वाटतं, आता थांब म्हणतायत. हे मला कुणी शिकवलं नाही. बघून बघून आलं.

माणसंही तऱ्हेतऱ्हेची. कंपाउंडर शांतवनकाका अधूनमधून मरायला टेकतात. मला निरोप येतो, मी धावत जाते. काका उशीला टेकून बसलेले असतात आणि आपल्या दफनविधीची गीतं माझ्याकडून म्हणवून घेतात. "तिसऱ्या कडव्याला तू पडतेस. मी गेल्यावर असं गाऊ नकोस, लोक म्हणतील कंपाउंडर घाईत उरकला." गीतं संपली की उठून भाकरी खातात.

खाणीवरच्या सगुणाने एकदा दाराला लिंबू-मिरची टांगली. मी काढली. म्हटलं, "सगुणा, बाप्तिस्मा घेतलायस ना?"

"घेतलाय की. पर नजर लावणारी बाई बाप्तिस्मा बघून नजर लावती व्हय?"

मी लिंबू फेकायला निघाले तर म्हणाली, "फेकू नका ताई, सरबत करते." केलं, आणि मी प्याले. मिरच्या तिने आमटीत टाकल्या.

अशा गोष्टी पकडण्यात मी पटाईत. ताईत, अंगारा, उंबऱ्यावरचा नारळ. चुकीची शिकवण म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे तेवढंच यायचं. पाळकसाहेब उपासनेत सांगायचे, "रूथबाई असताना इथे भोंदूपणाला दार बंद आहे." सहावीतून शाळा सुटलेल्या बाईला असं कौतुक फार दिवस पुरतं.

आता मार्थाबाईकडे येते.

मार्थाबाईचं घर खाणीजवळच्या वस्तीत. नवरा खाणीवरच होता, तो काही वर्षांपूर्वी छातीच्या आजाराने गेला. मुलगा अमोल, त्याच्या पाठची प्रिया. प्रिया देवबागला एका होमस्टेमध्ये खोल्या आवरायची, पाहुण्यांना सकाळी घावणे करून द्यायची. अमोलला खाणीची धूळ नको होती, म्हणून तो देवबागच्या एका मच्छीमार बोटीवर गेला. आईने नको म्हटलं होतं. आमच्या कोरड्या मुलखातल्या माणसांना विहिरीचीसुद्धा भीती वाटते, इथे तर दर्या. पण पोरगा रमला. घरी येताना बांगडे आणायचा आणि आईला ते नीट साफ करता येत नाहीत म्हणून चिडवायचा.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून बोटी नुकत्या पाण्यात गेल्या होत्या. देवबागच्या टोकाला खाडी दर्याला मिळते आणि तिथली पाण्याखालची वाळू जागा बदलत असते. परत येताना बोट तिथे लाटेत आडवी झाली. बाकीचे पोहून आले. अमोल आला नाही. गावच्या होड्यांनी शोधलं, पोलिसांच्या बोटीने शोधलं. दर्या दोन-चार दिवसांत माणूस परत देतो असं इथे म्हणतात. कुठल्या तरी किनाऱ्यावर, पण देतो. अमोलला त्याने दिलं नाही.

मार्थाबाई रडत नव्हती. पायरीवर बसून रस्त्याकडे बघायची. मी रोज जाऊन शेजारी बसायचे.

सुभद्राकाकी सकाळी त्या वस्तीवर मासे घेऊन यायची, मग उरलेले घेऊन बाजारात बसायची. मी मालवणला आल्यापासून ती मला ओळखते आणि तेव्हापासून टोमणे मारते. "गो बायबलबाय, तुमचो देव माशेवाल्यांच्या होडयेत बसा असा तूच सांगतंस मा? मगे माज्याकडे भाव कित्या करतंस?" अमोल गेल्यावर ती पहिल्यांदा आली त्या दिवशी मात्र तिने टोमणा मारला नाही. पाटी अंगणात उतरवली, पायरीपाशी आली आणि मार्थाबाईला म्हणाली, "बाय, माज्या घोवाक पण दर्यान नेल्यान. मढा गावला नाय. तुज्यासारखाच माका झाला, डोळ्यांतसून टिपूस येय ना. मगे दिरांनी दर्भाचो माणूस केलो, नारळाची टकली केली, आनी..."

मी उठले. "काकी, इथे नको. आमच्यात असलं पुतळे करून जाळणं चालत नाही."

"मी खंय करूक सांगतंय? माजा काय झाला ता सांगी होतंय."

"ते पण नको."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बरा," म्हणाली आणि पाटी उचलून गेली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मार्थाबाई तिच्या पाठीकडे बघत होती. ते मला दिसलं होतं. तरी मी शास्त्र उघडलं आणि या घराचं मूर्तिपूजेपासून रक्षण कर अशी मोठ्याने प्रार्थना केली. घरी जाताना मला बरं वाटत होतं. आपण आपलं काम केलं, असं.

त्याच आठवड्यात कुडाळला एका सभागृहात मोठी प्रार्थनासभा होती. बाहेरून कुणी बंधू येणार होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. सांत्वन मिळेल म्हणून मार्थाबाईला आणि प्रियाला मीच घेऊन गेले. माईक, कीबोर्ड, पांढरी खुर्ची, सगळं होतं. गीतं आमचीच. हातात शास्त्रही आमचंच. सभा संपल्यावर मी मार्थाबाईला पुढे नेलं आणि काय झालं ते सांगितलं.

बंधूंनी विचारलं, "शरीर मिळालं का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग मेला असं कोण म्हणतं? संदेष्टा माशाच्या पोटातून तीन दिवसांनी बाहेर आला की नाही?" मार्थाबाईच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "माते, तुझा मुलगा जिवंत आहे. जाहीर कर. आजपासून शोक नाही. रडलीस तर मरण कबूल केलंस. घरात 'अमोल होता' असं कुणी म्हणायचं नाही. आहे म्हणा." मग माझ्याकडे वळले. "ताई, तुमच्यात सामर्थ्य दिसतंय मला. देव शिकलेल्यांना बाजूला ठेवून तुमच्यासारख्यांना वापरतो. या घराच्या विश्वासाची राखण तुमच्याकडे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मार्थाबाईच्या चेहऱ्यावर रंग आला होता. तो बघून मला भरून आलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भरून आलं ते माझ्याबद्दल जे बोलले त्याने. मी आमेन म्हटलं. मोठ्याने म्हटलं, शेजारच्या रांगेतल्यांना ऐकू जाईल असं.

तिथून त्या घरात काय सुरू झालं ते लिहायची लाज वाटते, पण तेवढ्यासाठीच लिहायला बसले आहे.

मार्थाबाई रोज अमोलचं ताट वाढायची. काकीकडून बांगडे घ्यायची, तळायची, झाकून ठेवायची. अमोलचा फोन पाण्यात गेला होता, तरी त्याच्या नंबरवर रिचार्ज चालू ठेवायची, त्याला फोन करता यावा म्हणून. एकदा जेवताना प्रियाच्या तोंडून निघालं, "दादाला कढी आवडायची." आईने घास खाली ठेवला. "आवडते म्हण." प्रिया म्हणाली, "आवडते." मी तिथेच बसले होते. मी मान हलवली, शाब्बास म्हटल्यासारखी.

पाळकसाहेब महिन्याच्या उपासनेला आले. मार्थाबाई आली नाही. कोरडे पाळक विश्वास विझवतात, त्यांना जवळ येऊ देऊ नका, असं बंधूंनी फोनवर सांगितलं होतं. साहेबांनी माझ्याकडे चौकशी केली. मी म्हटलं, "तब्येत बरी नाही, झोपल्यात." ते म्हणाले, "मग घरी जाऊन येऊ." मी म्हटलं, "नको साहेब, आत्ताच डोळा लागलाय." ज्या माणसाने मला 'वाचता येतं ना, मग पुरे' म्हणून उभं केलं, त्याच्या तोंडावर मी खोटं बोलले. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलले.

दसरा होऊन गेला होता. एका संध्याकाळी प्रिया कामावरून परतताना माझ्या घरी आली. पिशवी खाली ठेवली नाही. उभ्यानेच म्हणाली, "रूथमावशी, मी तुमच्याकडे येऊन रडू का? थोडाच वेळ. आईला सांगू नका."

मी काय करायला हवं होतं हे हा अंक वाचणाऱ्या लहान पोरालाही कळेल. मी म्हटलं, "विश्वास धर, बाळा. रडलीस तर आईचं सगळं वाया जाईल."

तिने मान डोलावली. मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी मालवणच्या बाजारात भाजी घेत होते. सुभद्राकाकीने हाक मारली. "बायबलबाय, हय ये. बस."

"घाई आहे काकी."

"बस म्हणतंय मा."

तिच्या पाटीमागे ओल्या फरशीवर बसले. ती बांगड्यांवर पाणी मारत होती.

"मार्थाच्या चेडवाक घरात रडाक जागा नाय," ती म्हणाली. "ता हय येता. तू बसलंस थयच बसता, माज्या फाटसून. गिऱ्हाइकां इचारतत, चेडू कित्या रडता? मी सांगतंय, कांदो कापल्यान. एक बाई म्हणता कशी, माशेवालीकडे कांदो खंयसून इलो? मी म्हटलंय, तुका मासे होये काय कांदो?" ती हसली नाही. "त्या बायलेक कोणी सांगला, झील जितो आसा म्हणान?"

"आमच्यातले एक मोठे सेवक आले होते."

"आनी तू काय बोललंस?"

"आमेन."

"म्हणजे काय ता?"

"म्हणजे, तसंच होवो."

काकीने तांब्या खाली ठेवला. "म्हणजे तू पण सांगलंस."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. माझ्या दारात रडायला आलेली मुलगी मी परत पाठवली होती, आणि ती कितीतरी दिवसांपासून इथे, बर्फाच्या पाण्यात बसून रडत होती. लिंबू-मिरचीवर लक्ष ठेवून मी दारात बसले होते. चुकीची शिकवण आमच्याच गीतांच्या चालीवर आली आणि मीच तिला हाताला धरून आत नेऊन बसवलं. जिला दारातून हाकललं ती बाई फक्त आपलं दुःख सांगत होती.

बाजाराच्या पायरीवरून मी पाळकसाहेबांना फोन केला. सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. मग ते म्हणाले, "प्रभू मित्राच्या कबरेपाशी रडला, हे तुम्हीच कितीतरी घरांत सांगता, रूथबाई."

"हो साहेब."

"मी परवा येतो. पण मार्थाबाईंना तुम्ही सांगायचं, मी यायच्या आधी. आमेन तुम्ही म्हटलंय."

मी परत काकीपाशी गेले. "काकी, माझ्याबरोबर येशील?"

"आता?" पाटी भरलेली होती. बाजार आत्ता कुठे लागत होता.

"आत्ता नाही गेले तर मी जाणार नाही."

तिने माशांवर ओलं गोणपाट टाकलं, शेजारणीला नजर ठेवायला सांगितलं आणि उठली. रिक्षावाल्याने नाक मुरडलं. "काकी, पाटी घेव नुको हां."

"पाटी हय रवता रे. मीच येतंय. माजो वास चलात मा?"

मार्थाबाई मागच्या दारी बांगडे साफ करत होती. प्रियाला त्या दिवशी सुट्टी होती, ती आत केर काढत होती. मी चप्पल काढली आणि उभ्यानेच बोलले, कारण बसले असते तर बोलले नसते.

"मार्थाबाई, अमोल गेला. तो बुडाला. तो परत यायचा नाही. मी आमेन म्हटलं ते चुकलं. ते मी म्हणायला नको होतं."

मार्थाबाईने विळी बाजूला केली. "तुम्ही विश्वास सोडला," ती म्हणाली. "तुम्हीच सोडला. आता तो कसा येईल?"

"मार्थाबाई..."

"चालत्या व्हा. बंधूंनी सांगितलं होतं, जवळचंच माणूस घात करील. चालत्या व्हा माझ्या घरातून."

मी वळले. मला तेच हवं होतं की काय कोण जाणे. बाहेर जायला मिळालं म्हणून कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. दारात आले आणि बघितलं तर काकी माझ्या मागे नव्हती. ती मार्थाबाईच्या समोर उकिडवी बसली होती. गुडघे धरत, कण्हत बसली, विळी आपल्याकडे ओढली आणि उरलेले बांगडे साफ करायला लागली.

"असो कापूचो नाय गो. पोटाकडसून काप," ती म्हणाली. मग मान वर न करता बोलत राहिली. "माका पण एकान सांगलेला, तुजो घोव जितो आसा. खंयच्या तरी देशाच्या तुरुंगात आसा म्हणान. मी वरीसभर कुकू लावन दर्यार जाय. सांजची भाकरी करून ठेवी. सासू माज्याकडे बघी नि गप रवी. शेजारी माज्याशी बोलूक भियत. माका वाटा, मी रडलंय तर तो थय मरात. माज्या रडण्यान मरात. मगे सासूनच सांगल्यान दिरांका, पुरे झाला, दर्भाचो माणूस करा. तो जळताना बघलंय, तेवा मी भुयेर पडान रडलंय. त्या दिवशी माका माजो घोव गावलो, बाय. मेलेलो गावलो. पण गावलो."

मार्थाबाई तिच्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "आमच्यात जाळत नाहीत."

"मगे पुरा."

"काय पुरू? माझ्याकडे पुरायला काय आहे?"

मी तोंड उघडलं होतं. काकीने नुसतं माझ्याकडे बघितलं. मिटलं.

प्रिया आतून आली. तिच्या हातात अमोलचा शर्ट होता, बोटीवर घालायचा, निळा, कॉलरपाशी काळे डाग पडलेला. तिने तो आईच्या मांडीवर ठेवला. मार्थाबाईचे हात माशांचे होते. तिने ते लुगड्याला पुसले, शर्ट उचलला, नाकाशी नेला.

"याला डिझेलचा वास होता," ती म्हणाली. "गेला."

आणि ती रडली. प्रिया तिच्या गळ्यात पडून रडली. घरात माठ भरलेला होता, पेला शेजारी होता. मी पाणी पुढे केलं नाही. त्या दिवशी माझ्या धंद्यातलं मी तेवढंच बरोबर केलं.

आम्ही परत गेलो तेव्हा बाजार उठत आला होता. शेजारणीने थोडे विकले होते, बाकीचे बर्फ वितळून मऊ पडले होते. काकीने दाबून बघितले आणि निम्मे मांजरांना टाकले.

"काकी, तुझा दिवस गेला."

"मासे उद्या येतत," ती म्हणाली आणि पाटी धुवायला घेतली.

पाळकसाहेब ठरल्याप्रमाणे आले. मार्थाबाईला तो शर्ट पुरायचा आहे हे ऐकल्यावर मला पुन्हा भीती वाटली होती. शर्टाची कबर म्हणजे दर्भाच्या माणसासारखंच झालं नाही का, पुन्हा चूक नको. साहेबांना एका बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "शर्ट म्हणजेच अमोल, असं कुणी म्हणतंय का?"

"नाही."

"मग तो आईचा आहे. तिला तो मातीत ठेवायचा असेल तर आपण शेजारी उभं राहायचं."

दफनभूमीत सगळी मंडळी आली. शांतवनकाका काठी टेकत आले. गीताच्या तिसऱ्या कडव्याला मी अडखळले, आणि त्यांनी ते कडवं उचललं. अमोलच्या बोटीचा तांडेल, म्हणजे तिचा मुख्य, मागे उभा होता. खांदे पाडून. सुभद्राकाकी बाजारातल्या दोघींना घेऊन फाटकाबाहेर थांबली होती. मूठमाती द्यायची वेळ आली तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "आमका चलता मा?"

"चालतं," मी म्हटलं. फाटक पूर्ण उघडलं आणि तिघींना आत घेतलं.

आता बंधूंविषयी. लोकांना वाटतं मी त्यांना लबाड म्हणावं. मला ते जमत नाही. त्यांनी आमच्याकडून काही घेतलं नाही, आणि जे बोलले त्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास असावा. पण ते बोलून दुसऱ्या जिल्ह्यात गेले आणि ताट रोज वाढायला मार्थाबाई उरली. मी फोन करून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या संशयानेच झालं." काही दिवस मला तेही खरं वाटलं. रात्री झोप यायची नाही. मी विश्वास सोडला नसता तर, असं मनात यायचं. साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "रूथबाई, अमोल बुडाला तेव्हा तुम्ही बंधूंना ओळखतही नव्हता." तेवढं मी घट्ट धरून आहे.

मंडळीतल्या नव्या बायका मला विचारतात, चुकीची शिकवण ओळखायची कशी. पूर्वी मी पटापट सांगायचे, हे टांगलेलं बघा, ते बांधलेलं बघा. आता पटकन काही येत नाही. एवढंच म्हणते, जी शिकवण ऐकून घरातली मुलगी रडायला दुसरं दार शोधायला लागते, तिथे थांबा आणि कुणाला तरी विचारा. मला विचारू नका, पाळकसाहेबांना विचारा.

मार्थाबाई उपासनेला येते. माझ्या बाकावर बसत नाही, दोन बाक मागे बसते. बोललं तर बोलते. मन मोकळं करायला बाजारात जाते, काकीकडे. ते तसंच बरोबर आहे. प्रियाने मला माफ केलं असं ती म्हणते. मी तिला पुन्हा पुन्हा विचारत असते, तेव्हा ती वैतागते. "मावशी, किती वेळा सांगू?"

काकीचे गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, मग दोन महिने खाली बसायचं नाही. ती करत नाही. मुलगा गोव्यात कामाला, सुनेला बाजार जमत नाही, आणि बाजारातली जागा रिकामी दिसली की दुसरी येऊन बसते. मी म्हटलं, मी बसते तुझ्या जागेवर.

"तू?" ती म्हणाली. "तू बांगड्याक पेडवो म्हणशीत."

ते खरं आहे. मला अजून निम्मे मासे ओळखू येत नाहीत. आता रोज सकाळी तासभर तिच्याकडे जाते. ती बोट दाखवते, मी नाव सांगते. चुकलं की शेजारच्या सगळ्याजणी हसतात. माझ्या कामाच्या पांढऱ्या साडीला वास लागतो, मंडळीतले दोघंतिघं बोललेही, बायबल-बाईने हे काय चालवलंय. बोलू देत. काकीने ऑपरेशनचा दिवस ठरवावा. त्या पहाटे किनाऱ्यावर मासळीच्या लिलावाला मी उभी राहीन, पाटी डोक्यावर घेईन, आणि ती तिच्या पायांनी चालत येईपर्यंत तिच्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही. माझा स्वभाव मला माहीत आहे, ऐन वेळी माझे पाय मागे येतात. म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर छापायला देते आहे.